शून्यमास्तर

आमच्या मास्तरांसमोर चांगलं काम करण्याची सोय नव्हती. एखाद्या म्हातारीच्या डोक्यावरची मोळी कुणी उतरवून दिली, आंधळ्याला हात धरून कुणी तलावाच्या पायऱ्या उतरवल्या, की मागून आवाज यायचा, "शून्य!" आवाज मोठा नसे, पण मोळी उतरवणारा चोरी करताना सापडल्यासारखा दचकायचा. ठाण्यातली पोरं त्यांना शून्यमास्तर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण या नावावरून त्यांनी कुणाला छडी मारल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळ्या कारणांवरून मारली.

मिशनच्या शाळेत ते गणित आणि ख्रिस्ती शास्त्र असे दोन विषय शिकवत. मूळचे वाईकडचे ब्राह्मण, ऐन तारुण्यात ख्रिस्ती झालेले. शेंडी गेली, जानवं गेलं, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? अंगावर गार पाण्याच्या दोन घागरी ओतल्याशिवाय ते बायबलला हात लावत नसत. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करत. जेवताना आमच्यापैकी कुणी जवळून गेलं की तोंडातून "लांबून, लांबून" निघायचंच. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन कानशिलं लाल व्हायची आणि ते पहिल्या दिसेल त्या पोराला, मग तो महाराचा असो की मांगाचा, ओढून आपल्या पानाशी बसवत आणि आपल्या ताटातला भात त्याला भरवत. भरवून झालं की स्वतःलाच खालच्या आवाजात म्हणत, "शून्य."

माणूस कर्मानं तरत नाही, विश्वासानं तरतो, हे मिशनमधले सगळेच सांगत. पाद्रीसाहेबही सांगत, पण सांगून झालं की ते घोंगड्या वाटायला जात. मास्तरांना ते सांगून पुढे जाता येत नसे. फळ्यावर ते एकामागून एक शून्यं काढत जायचे. "हे तुमचे उपासतापास. हे दानधर्म. हे आईबापांचे पाय चेपणं. झाली बेरीज? किती?" आम्ही सगळी एका सुरात ओरडायचो, "शून्य!" एकदा एका धिटुकल्या मुलानं उठून विचारलं, "मास्तर, पण विश्वासाचा एक आधी मांडला आणि त्याच्यापुढे ही शून्यं ठेवली तर?" मास्तरांनी त्याला मारलं नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "त्या एकाला तुझ्या शून्यांची गरज नाही. बस खाली." रात्रभर त्यांना झोप लागली नसावी असं डोळ्यांवरून दिसत होतं.

आठवड्यातून एकदा ते कोपरीला उपदेशाला जात. कोपरी म्हणजे तेव्हा खाडीकाठचं आगऱ्या-कोळ्यांचं गाव, आणि पलीकडे मिठागरं. मासळी विकायला बसलेल्या बायकांसमोर छत्री टेकून ते उभे राहायचे आणि काहीही करून तुम्ही तरणार नाही असं सांगायचे. एक म्हातारा कोळी जाळं विणता विणता म्हणाला, "म्हंजे काय न करता तरता येतं? मंग आमचा जावई पयला जाईल रं बाबा." सगळा बाजार हसला. मास्तर हसले नाहीत. ते परत निघाले तेव्हा वाटेत एका भिकाऱ्यानं हात पसरला. मास्तरांनी त्याला आळशी, ऐतखाऊ, सैतानाचा जावई अशा शिव्या दिल्या आणि फडक्यात बांधलेली दुपारची सगळी भाकरी त्याच्या अंगावर टाकली, मान दुसरीकडे वळवून. दान करायचं, पण त्याला चांगलं म्हणायची कुणाला संधी द्यायची नाही, ही त्यांची रीत होती. आम्ही मुली त्यांच्या मागून चालत होतो. तेव्हा मला ते फार थोर वाटले होते.

आता पोशीआयबद्दल सांगायला हवं. ती नसती तर हा माणूस मी एक गमतीदार म्हातारा म्हणून आठवला असता, आणि दोन किस्से सांगून मोकळी झाले असते.

पोशीआय कोपरीचीच, आगऱ्याची विधवा. मिठागरावर जन्म गेला होता, टाचा मिठानं कायमच्या चिरलेल्या. देशावर मोठा दुष्काळ पडला तेव्हा आमच्यासारखी आईबाप मेलेली पोरं मिशननं आगगाडीनं ठाण्याला आणली. आम्हाला न्हाऊ घालायला बाई मिळेना. अंगावर उवा, पोटं सुटलेली, आणि जात कुणाची कुणाला ठाऊक नाही. गावातल्या कुणी हात लावला नाही. ही मिशनला पाणी भरायला आली होती. आम्हाला पाहून घागर खाली ठेवून म्हणाली, "जल्लं मेलं, ही पोरां हाईत का सोडं?" सोडं म्हणजे सुकवलेली कोळंबी. आणि एकेकाला विहिरीवर घेऊन घासायला लागली. मला घासताना तिनं इतकं गच्च धरलं होतं की दंडावर वळ उठले. आईनंतर मला इतकं गच्च कुणीच धरलं नव्हतं.

त्या दिवशी ती रात्री घरी गेली, तर गावकीनं तिला दारात थांबवलं. परजातीच्या पोरांना न्हाऊ घातलंस, उष्टी काढलीस, आता इथं पाणी नाही. ती परत आली ती आमच्या पडवीत राहिली. तोंडानं तिखट, मशेरी लावून पचापच थुंकायची, आणि पाद्रीसाहेबांपासून भिश्तीपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करायची. दुष्काळाची कितीतरी पोरं त्या पहिल्या पावसाळ्यातच गेली. पोटात काही टिकायचंच नाही. साहेब घाईनं बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडून जात आणि एकेक तिच्या मांडीवर जाई. तिनंच त्यांना कापडात गुंडाळलं आणि मिशनच्या भिंतीआडच्या स्मशानात नेऊन ठेवलं. तिला त्यांची नावं पाठ होती. ज्यांना नावं नव्हती त्यांना तिनं दिली होती.

तिला बाप्तिस्मा हवा होता, आणि कशासाठी हे ती लपवत नव्हती. स्मशानाच्या भिंतीआत बाप्तिस्मा झालेल्यांनाच जागा, असा मिशनचा नियम होता. "मना त्या पोरांच्या बाजूला निजाचं हाय," ती म्हणायची. "गाव मना घेनार नाय. इथं तरी घ्या."

बाप्तिस्म्याआधी परीक्षा असे. साहेबांचं मराठी कच्चं, म्हणून ती मास्तर घेत. प्रश्न तीन. देव कोण, येशू कोण, आणि तिसरा, "तू कशानं तरणार?" या तिसऱ्याचं उत्तर ठरलेलं होतं आणि मास्तरांनी ते स्वतः बांधलं होतं: "येशूवरच्या विश्वासानं तरणार. माझी कर्मं शून्य." आम्ही पोरांनी ते पाढ्यासारखं म्हणून टाकलं आणि बाहेर जाऊन गूळ खाल्ला. पोशीआयनं पहिली दोन उत्तरं दिली. तिसऱ्याचं अर्धंही दिलं, "त्याच्यावर माजा भरवसा हाय." आणि थांबली.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"फुडं नाय."

"माझी कर्मं शून्य. म्हण."

"नाय बोलनार."

"का?"

"माज्या मांडीवर पोरां मेली. रातरात घेऊन बसले. पानी पाजलं, पुसलं, निजवलं. त्याला शून्य बोलू? ती पोरां काय बोलतील मना?"

मास्तरांनी तिला नापास केलं. दुसऱ्या वर्षी ईस्टरआधी ती पुन्हा आली, पुन्हा तिथंच थांबली, पुन्हा नापास. मग हा दर वर्षाचा प्रकार झाला. धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून ती परीक्षेला जायची आणि तणतणत परत यायची. मी तोवर मोठी होऊन त्याच शाळेत धाकट्या मुलींना शिकवायला लागले होते. एकदा मी तिला म्हटलं, "आय, म्हणून टाक ना गं. शब्दच तर आहेत."

तिनं मशेरी थुंकली. "शब्दच हाईत ना? मंग त्यो कशाला नाय सोडत?"

म्हणून मी मास्तरांकडे गेले. ते पाट मांडून तांदूळ निवडत बसले होते. मी म्हटलं, "मास्तर, तिचा विश्वास आहे. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. तेवढं एक वाक्य राहू द्या."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मला वाटतं त्यांनी दुसऱ्या कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. वाईला त्यांना एक मुलगा होता. तो आजारी पडला तेव्हा त्यांनी अनुष्ठान मांडलं. कृष्णेच्या पाण्यात उभं राहून जप केला, ब्राह्मण जेवू घातले, स्वतः उपाशी राहिले. मुलगा गेला. भटजी म्हणाले, अनुष्ठानात काहीतरी न्यून राहिलं असणार. "काय न्यून राहिलं, ते मी वर्षभर शोधत होतो," मास्तर म्हणाले. "एखादा मंत्र चुकला का? पळी उजव्या हातात होती का? एखादा ब्राह्मण अर्धपोटी उठला का? माझ्या बायकोनं ते माझ्या तोंडावर म्हटलं, तुमच्या हातून चूक झाली, म्हणून तो गेला. आणि मग एका पाद्र्यानं मला सांगितलं, की तुझ्या हातून काही व्हायचं नव्हतंच. तुझं केलेलं आणि न केलेलं सारखंच आहे. मुली, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो."

मला रडू आलं. मला वाटलं, आता हा माणूस विरघळला.

"ते वाक्य मी सोडलं," ते म्हणाले, "तर मी पुन्हा त्या नदीत उभा आहे. कुणाच्याही कर्माला एक कवडीची किंमत दिली, तर माझ्या चुकीलाही किंमत आली. समजलं? तिला सांग, वाक्य म्हण." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागले.

मला समजलं. आजही समजतं. पण ज्या शब्दांनी याचा गळा मोकळा झाला, तेच शब्द यानं दुसरीच्या गळ्यात अडकवले, आणि याला तो उपकार वाटत होता. याची मला तेव्हा चीड आली आणि अजून येते.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. साहेब नेहमीप्रमाणे महाबळेश्वरला गेलेले. आमच्यातली काही मुलं आजारी पडली आणि मग मास्तर पडले. त्यांच्या खोलीशी जायला कुणी तयार होईना. पोशीआय गेली. त्यांची वांती तिनं काढली, धोतरं धुतली, मीठ घातलेली पेज चमच्याचमच्यानं पाजली. मी दाराशी गरम पाणी नेऊन ठेवायची, तेव्हा आतून आवाज यायचा.

"उगड तोंड. हां. गिल."

"शून्य," मास्तर पुटपुटायचे.

"बरं, शून्य. गिल आता."

मास्तर वाचले. काठी धरून अंगणात आले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच आठवड्यात पोशीआय पडवीत आडवी झाली. सकाळी पडली, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. आवाज बसला. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्याला बोलव."

साहेब नसताना बाप्तिस्मा द्यायचा अधिकार मास्तरांना होता. ते आले. डोक्याला पगडी, अंगात कोट, त्या उन्हात. आजारातून नुकतेच उठलेले म्हणून मी त्यांना स्टूल दिलं. काशाच्या वाडग्यात पाणी घेऊन मी शेजारी उभी राहिले. मला खात्री होती. त्या क्षणी मला इतकी खात्री होती की मी तिच्या कपाळावरचे केस मागे सारून ठेवले होते.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. दुसरा विचारला. दिलं. तिसरा विचारला.

"त्याच्यावर भरवसा हाय," ती म्हणाली. मग थोडा श्वास गोळा करून म्हणाली, "मास्तर, तुजी धोतरां कोनी धुतली?"

"तू."

"पेज कोनी पाजली?"

"तू."

"ती शून्य? तू बोल. तू त्याला शून्य नाय बोललास, तर तुज्यासाठी बाकीचं मी बोलते."

यापेक्षा जास्त कुणी कुणाला काय देणार? जन्मभर तिनं जे म्हटलं नव्हतं ते म्हणायला ती तयार झाली होती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, नुसतं गप्प. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोटावर पडत होतं. मी पाहत होते. ओठ हलले, आणि ते म्हणाले, "शून्य."

"जा मंग," पोशीआय म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मास्तर काठी टेकत गेले. वाडगा माझ्या हातातच राहिला. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. दुसरं पाणी जवळ नव्हतं, म्हणून मी तोच वाडगा तिच्या तोंडाला लावला. बाप्तिस्म्याचं पाणी ती प्यायली आणि संध्याकाळ व्हायच्या आधी गेली.

कोपरीच्या लोकांना निरोप धाडला. त्यांनी सांगितलं, ती आमची नाही. मास्तरांनी सांगितलं, नियम आहे. शाळेतल्या मोठ्या मुलांनी तिला उचललं. जागा मी दाखवली. भिंतीच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, तिवरांच्या कडेला, जिथं भिंतीच्या पलीकडे नेमकी ती पोरं होती. मधे नुसती भिंत. आम्ही माती लोटत होतो तेव्हा मास्तर भिंतीच्या आत उभे होते. पगडी काढून हातात धरली होती. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही आणि बाहेरही आले नाहीत. साहेब परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि पाणी भरायला नवीन बाई ठेवली.

पुढे मी कल्याणला मुलींच्या शाळेत गेले. ठाण्याला येणं टाळायची. आले तरी मिशनच्या वाटेनं जात नसे. बऱ्याच वर्षांनी निरोप आला की मास्तरांचं डावं अंग गेलं आहे आणि ते माझं नाव घेतात. मी गेले.

खोली तीच. पगडी खुंटीवर. मास्तर खाटेवर इतके लहान दिसत होते की आधी मला ती रिकामीच वाटली. जिभेत थोडं जडपण होतं, पण बोलणं कळत होतं. मिशनमध्ये आता आपल्याच लोकांतला एक तरुण पाळक आला होता. भला मुलगा. मास्तरांच्या उशाशी बसून तो त्यांना धीर देत होता. "मास्तर, तुम्ही केवढं काम केलंत! किती पिढ्यांना गणित शिकवलंत. कोपरीला उन्हातान्हात चालत गेलात. दुष्काळातल्या मुलांना अक्षरओळख तुमच्यामुळे झाली." दाराशी शाळेतले दोघे-तिघे जुने शिक्षक उभे होते. ते एकमेकांकडे बघून गालात हसत होते. मीही थांबले होते. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो.

मास्तरांनी उजवा हात उचलला आणि पाळकाची बाही धरली.

"अजून सांगा," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. पाळकानं अजून सांगितलं. मग त्याच्याजवळचं संपलं, कारण तो नवीन होता. तेव्हा मास्तरांचे डोळे माझ्याकडे वळले. "तू जुनी. तुला आठवतं का गं काही? सांग ना."

"आठवतं," मी म्हटलं. "पटकीच्या साथीत पोशीआयनं तुम्हाला पेज पाजली होती."

त्यांना ते नाव लागलं, यात शंका नाही. डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी. या माणसाकडून काहीतरी निघेल, एखादा शब्द, एखादा हुंदका, मी तो घेऊन भिंतीबाहेर जाईन आणि तिला सांगेन.

"ते तिनं केलेलं झालं," मास्तर म्हणाले. "मी केलेलं सांग."

मी सांगितलं. काय करणार? मरणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याची विद्या मी त्यांच्याकडून शिकले नव्हते. भिकाऱ्याला शिव्या देऊन टाकलेली भाकरी सांगितली. महाराच्या पोराला आपल्या पानावर घेतलं ते सांगितलं. त्या धिटुकल्या मुलाला मारलं नाही, ते सांगितलं. ते ऐकत होते आणि प्रत्येक गोष्टीनंतर "हं" म्हणत होते. पंगतीत पहिलं वाढप संपलं की पोरं वाढप्याकडे बघतात तसे बघत होते. शेवटी मी थकले आणि उठले, तेव्हा म्हणाले, "उद्या येशील?"

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते गेले.

त्यांना भिंतीच्या आत पुरलं, त्या पोरांच्या रांगेत. आता तिथं चांगला घडीव दगड आहे. त्यांनी केलेली सगळी कामं त्यावर एकाखाली एक कोरली आहेत, शाळा, उपदेश, अनाथांची सेवा. विश्वासाचा शब्द त्यावर नाही. जागा पुरली नसेल. बाहेरच्या बाजूला भरतीचं पाणी येतं, माती खचते आणि दर वर्षी मला जागा पुन्हा शोधावी लागते.

लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून द्या. माझी देवावर श्रद्धा आहे. त्यानं मास्तरांना घेतलं असेल, असंही मी मानते, कारण मास्तर म्हणत ते खरं असेल तर घेण्यासाठी त्याला कशाचीच गरज नाही. पोशीआय तर तिथं आधीच गेलेली असणार. त्यांची गाठ पडल्यावर ती काय करेल, हेही मला ठाऊक आहे. ती काही विचारणार नाही. तोंड उघड, म्हणेल, आणि पेज पाजेल. आणि नेमकं तेच मला सहन होत नाही.